उजवीकडून, बाबा

क्रेतीनासच्या सत्तेचं अकरावं वर्ष
द्राक्षतोडणीचा महिना, पौर्णिमेनंतर चौथा दिवस

फाइलोस,

तुझी बहीण निकेसो तुझं कुशल चिंतते.

हे सातवं पत्र. दर वर्षी एक. सिसिलीहून परतणारे खलाशी शपथेवर सांगतात की पत्र तुझ्याच हातात दिलं. तू ते उघडलंस की नाही, हे मात्र कुणी पाहिलेलं नाही. या वेळचा म्हणाला, तू आता दोरखंड वळायचं काम करतोस, बायको तिथलीच आहे आणि एक मुलगी झाली आहे. बाबांना सांगितलं. ते नुसतं ‘हं’ म्हणाले, आणि दिवसभर जेवले नाहीत.

माझ्याशी बोलू नकोस, पण त्यांना चार ओळी लिही. त्यांना आता उजेडसुद्धा कळत नाही. तू होतास तेव्हा निदान दारातली सावली ओळखायचे. वेदीपाशी अजूनही त्यांचा हात माझ्या दंडावर असतो. पक्षी कुठून आला, धूर कुठे वळला ते मी सांगते, अर्थ ते सांगतात. बळीचं यकृत तेवढं स्वतः चाचपतात. ‘बोटांना कुणी फसवू शकत नाही’ म्हणतात आणि हसतात. हल्ली तेही कमी झालंय.

तू बंदरावर त्यांना जे बोललास ते मी विसरलेले नाही. ‘तिघांना विकून मला सोडवलंस, म्हाताऱ्या. आजपासून तू माझा कुणी नाहीस.’ सगळं बंदर ऐकत होतं. दोर्किस, एखेमोस आणि पामिस यांना खाणीत मारून दोन दिवसही झाले नव्हते, तुझ्या मनगटांवर दोराचे वळ होते, तू दुसरं काय बोलणार होतास. पण बाबा तेव्हा उत्तर देऊ शकले नाहीत, कारण त्यांना खरंच कळलं नाही की त्यांचा गुन्हा काय. देवाने दाखवलं ते मी सांगितलं, एवढंच ते मानत आले. गेली सहा वर्षं ते या गावात ताठ मानेने चालतात, फाइलोस. लोक बाजूला होतात ते आपल्याला वाट देण्यासाठी, असं त्यांना वाटतं.

परवा झऱ्यावर दोर्किसची आई फिलिन्ना भेटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बाबांशी बोलली. काय बोलली ते मला नीट ऐकू आलं नाही, मी घागर भरत होते. 

लिही. त्यांचं वय झालं.

निकेसो


अकरावं वर्ष
पेरणीचा महिना, अमावास्येच्या आदला दिवस

फाइलोस,

वर्षातून दोनदा त्रास देते आहे. वारा फिरायच्या आत सुटणारं हे शेवटचं जहाज आहे.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. फिलिन्ना काय म्हणाली ते मला ऐकू आलं होतं. झऱ्यावरच्या सगळ्याच बायकांना ऐकू आलं, कारण तिने आवाज मुळीच खाली केला नाही.

ती म्हणाली, “हाग्नोन, माझं वय झालंय आणि आता मला कुणाची भीती उरलेली नाही, म्हणून विचारते. त्या दिवशी गरुड डावीकडून आला. समुद्राच्या बाजूने. मी वेदीपासून दहा पावलांवर होते. तुम्ही उजवीकडून का म्हणालात?”

बाबा म्हणाले, “बाई, तुमचं दुःख मी जाणतो. पण गरुड उजवीकडून आला.”

“तुमच्या मुलाला सोडवायचं होतं, हे मला कळतं. पण तसं म्हणा ना. देवाच्या नावावर कशाला घालता?”

“शपथ घ्याल?” बाबांनी विचारलं. “डावीकडून आला अशी?”

तिने दोर्किसच्या थडग्याची शपथ घेतली. मग घागर डोक्यावर घेऊन निघून गेली.

त्यानंतर बाबांनी गावात विचारायला सुरुवात केली. मला बरोबर न घेता, काठीने चाचपत. कुंभाराकडे गेले. तो म्हणाला, मी त्या दिवशी तापाने पडलो होतो. तांबटाला विचारलं, तो म्हणाला माझी नजर अधू आहे. न्हाव्याकडे जाऊन दाढीला बसले आणि वस्तरा गळ्यापाशी असताना विचारलं. न्हावी घाबरून म्हणाला, “हाग्नोनबाबा, दाढी करू की नको तेवढं सांगा.” बाबा मला म्हणाले, “तो डावीकडून म्हणाला नाही. पण उजवीकडूनही म्हणाला नाही. इतकी वर्षं दाढी करतोय माझी.”

मला त्यांनी काहीही विचारलं नाही.

आता म्हणतात, हिवाळ्यात समुद्रदेव पोसायदोनच्या सणाला मला वेदीवर ने, मला लोकांशी बोलायचंय. मी म्हटलं, थंडी असते, समुद्रावरचा वारा असतो, क्रेतीनास स्वतः येतो, त्याच्यासमोर काय बोलणार तुम्ही? ते म्हणाले, “तू फक्त पोचव.”

तुझा एक शब्द आला असता तर त्यांनी हा हट्ट सोडला असता, असं मला वाटतं. पण आता वसंतापर्यंत जहाज नाही.

निकेसो


अकरावं वर्ष
पोसायदोनच्या सणानंतर चौदावा दिवस

फाइलोस,

जहाजं ओढून वाळूवर ठेवलीत. हे पत्र वसंत येईपर्यंत माझ्यापाशीच राहील. तरी आज लिहिते, नंतर लिहायला जमेल असं वाटत नाही.

बाबा गेले.

सणाच्या दिवशी मी त्यांना वेदीवर नेलं. माणसं पुष्कळ होती. मिरवणुकीनंतर मांस वाटतात, आणि क्रेतीनास हल्ली त्याच एका दिवशी गावाला पोटभर जेवू घालतो. तू त्याला पाहिलंस तर ओळखणार नाहीस. अंगरख्याखाली चिलखत घालून घालून पाठीला बाक आलाय. डोक्यावर दोघं जण कापडाचं छत धरून चालतात, उन्हातही आणि ढगातही. तो आभाळाकडे बघत नाही. तरणी पोरं मागून ‘मीठवाला भिजेल रे’ म्हणून हसतात. त्याच्या बापाची मिठाची गाढवं अजून लोकांच्या लक्षात आहेत.

बळी दिल्यावर बाबांनी यकृत हातात घेतलं, चाचपलं आणि खाली ठेवलं. मग माझा दंड सोडला. एकटेच तीन पावलं पुढे गेले.

म्हणाले, “मी हाग्नोन. सहा वर्षांपूर्वी याच जागी मी सांगितलं की गरुड उजवीकडून आला, देव क्रेतीनासच्या बाजूने आहे, कट खरा आहे. तो गरुड डावीकडून आला होता. तुम्ही सगळ्यांनी पाहिला. देव नको म्हणत होता. मी हो सांगितलं, आणि तीन पोरं मेली.”

कुणी हललं नाही. चुलीवरच्या कढईतलं मांस करपायला लागलं तरी कुणी गेलं नाही.

क्रेतीनास छताखालून म्हणाला, “म्हातारपणी माणूस बरळतो. हाग्नोन, घरी जा. शेकोटीपाशी बस.”

“मी शुद्धीवर आहे.”

“तुला तर दिसत नाही. मग उजवीकडून, हे तुला कुणी सांगितलं?” असं म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं.

बाबा म्हणाले, “कुणी नाही. माझी मुलगी तोंड उघडायच्या आतच मी बोलून मोकळा झालो. तुम्हाला काय ऐकायचंय ते मला ठाऊक होतं. तुमचं मीठ खाल्लं होतं ना.”

मागे कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. फाइलोस, मला वाटतं त्या हसण्यामुळेच क्रेतीनासला बाबांना सोडून देता आलं नाही. शकुन सांगणाऱ्याला वेदीवर मारायची छाती त्याला नव्हती. त्याने दवंडी पिटवली, की हाग्नोनला वेशीबाहेर काढा, त्याला कुणी विस्तव देऊ नये, पाणी देऊ नये, छप्पर देऊ नये.

ते कुठे गेले असतील, तूच सांग. वेशीबाहेर रस्त्याच्या कडेला तुझ्या तीन मित्रांची थडगी आहेत. काठीने ती शोधून ते तिथे बसले.

मला घरातून बाहेर पडायला बंदी होती. दारात दोन भालेवाले. पाचव्या दिवशी ते कंटाळून निघून गेले तेव्हा मी धावत गेले. तिथे फिलिन्ना होती. आपली घोंगडी बाबांच्या खांद्यावर घालून ती त्यांना जवाची पेज पाजत होती, लहान मुलाला पाजावी तशी, ओठ पुसत. वेशीवरचा पहारेकरी तोंड फिरवून उभा होता. त्याचा धाकटा भाऊ दोर्किसबरोबर आखाड्यात असायचा.

नवव्या दिवशी बर्फ मिसळलेला पाऊस आला. बाबा माझ्या मांडीवर होते. शेवटी ते बोलले ते इतकंच, “पोराला कळव.”

म्हणून कळवते. तू बंदरावर जे म्हणाला होतास ते त्यांनी सगळ्या गावासमोर स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. आता त्यांच्यावर राग ठेवू नकोस. फिलिन्नाने जागा दिली, म्हणून त्यांना त्या तिघांच्या शेजारीच पुरलं.

निकेसो


बारावं वर्ष
जवाच्या कापणीचा महिना, सातवा दिवस

फाइलोस,

तुझं पत्र मिळालं. सात वर्षांत पहिलं. खलाशाने हातात दिलं तेव्हा मी जिन्यावरच बसले.

‘शेवटी खरं बोलला. बरं झालं. फाइलोस.’

मी ते पुष्कळदा वाचलं. फार नाही, सहाच शब्द. बाबा असते तर मला मोठ्याने वाचून दाखवावं लागलं असतं, आणि मग मी काय वाचलं असतं कोण जाणे.

ते खरं बोलले नाहीत, फाइलोस. उभ्या आयुष्यात ते एकदाच खोटं बोलले आणि ते त्या दिवशी.

आता मी सांगते ते मध्येच टाकून देऊ नकोस. शेवटपर्यंत वाच, मग पत्र जाळलंस तरी चालेल.

तुम्हा चौघांना धरून आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी क्रेतीनास आपल्या घरी आला. बरोबर कुणी नव्हतं. बाबा आत झोपले होते. मी अंगणात तीळ पाखडत होते. तो ओट्यावर बसला, पाणी मागितलं, प्यायला. मग म्हणाला, “निकेसो, उद्या मी देवाला विचारणार आहे. या पोरांनी खरंच मला मारायचा बेत केला होता का. दोर्किसच्या गाठोड्यात सुरा सापडलाय.”

मी म्हटलं, “तो कातडी सोलायचा सुरा आहे. ते बकरं कापणार होते.”

“असेलही. ते देव सांगेल. पक्षी उजवीकडून आला तर तिघं मरतील. तुझा भाऊ शकुनवाल्याच्या घरचा, त्याच्या रक्ताने मी हात विटाळणार नाही. त्याला जहाजात बसवीन.”

“आणि डावीकडून आला तर?”

“तर देव म्हणतो ते निर्दोष आहेत. मग चौघांना सोडावंच लागेल. सगळ्या गावासमोर सोडीन.” तो उठला, भांडं उपडं ठेवलं. “आता सोडून दिलेली माणसं पुढे काय करतात, कुठल्या विहिरीत पडतात, कुठल्या कड्यावरून पाय घसरतो, याला मी काय करणार? ती जबाबदारी काही माझी नाही.”

आणि जाताना म्हणाला, “तुझ्या बापाला दिसत नाही. त्याला कशाला त्रास देतेस हे सांगून.”

मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही डोंगराकडे तोंड करून उभे होतो. उगवत बाबांच्या उजव्या हाताला, समुद्र डाव्या हाताला. तू आणि ते तिघं खाली, हात मागे बांधलेले. तुझं डोकं खाली होतं, म्हणून तू पक्षी पाहिला नाहीस. किंवा पाहिलास. मी तुला ते कधी विचारू शकले नाही.

बराच वेळ आभाळ रिकामं होतं. मग गरुड आला. समुद्रावरून, डावीकडून, इतका खाली की पंखांची पिसं वेगवेगळी दिसली. वेदीवरून सरळ गेला. यापेक्षा स्पष्ट शकुन माझ्या आयुष्यात मी पाहिलेला नाही.

बाबांनी हळूच विचारलं, “कुठून?”

मी म्हटलं, “उजवीकडून, बाबा.”

एवढंच. दोन शब्द. त्यांनी हात वर केला आणि तेच मोठ्याने सांगितलं, घणघणीत आवाजात, कारण त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

क्रेतीनासने गरुड पाहिला होता. त्याचा चेहरा मी बघितला. त्याला कळलं की देव नको म्हणाला, आणि हेही कळलं की आता त्याला कुणी अडवणार नाही. तेव्हापासून तो छताखाली चालतो.

या सात वर्षांत मी एकच गोष्ट मनात घोळवत आले. मी डावीकडून म्हटलं असतं तर? हजार माणसांसमोर देवाने सोडलेल्या पोरांना विहिरीत ढकलायची त्याची हिंमत झाली असती का? कदाचित झाली असती. कदाचित तुम्ही चौघंही आज इथे असता, पामिसच्या टकलावरून एकमेकांना चिडवत असता. मला माहीत नाही. मला तेव्हा फक्त तू दिसत होतास.

बाबांनी मला काही विचारलं नाही असं मी लिहिलं, तेही खोटं. न्हाव्याकडून आले त्या संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवलं. माझ्या तोंडावरून बोटं फिरवली, यकृत चाचपतात तशी. म्हणाले, “आता सांग. कुठून आला होता?”

मी सांगितलं. ओट्यावरचं क्रेतीनासचं बोलणंही सांगितलं. मला वाटलं ते मारतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

ते मग म्हणाले, “शुभशकुन झाला की लोक ओरडतात, निकेसो. त्या दिवशी कुणी ओरडलं नाही. आंधळ्याला ऐकू येतं. ती शांतता मी ऐकली होती. तुला पुन्हा विचारायला हवं होतं. शेजारच्याला विचारायला हवं होतं. मी नाही विचारलं, कारण त्या चौघांत माझाही मुलगा होता; पुन्हा विचारलं तर मुलासाठी विचारतोय, असं लोक म्हणाले असते. तू डोळ्यांनी केलंस, मी कानांनी केलं.”

मी म्हटलं, “मग वेदीवर मी बोलते. मीच सांगते.”

“तू बोललीस तर तो तुला जिवंत ठेवणार नाही. एक मूल मी घालवलं. दुसरं घालवणार नाही. तू मला पोचव आणि गप्प उभी राहा. हे बापाचं सांगणं समज.”

मी गप्प उभी राहिले. गप्प राहायची मला सवयच होती.

त्यांनी तिघांना विकलं नाही. तुला सोडवलं ते मी. तुझी मुलगी, तुझं घर, तुझे दोरखंड, हे सगळं त्या दोन शब्दांवर उभं आहे. हे तुला कळू नये म्हणून मी सात वर्षं तुझा राग त्यांच्याकडे जाऊ दिला. तो राग माझा आहे. तो मला दे.

निकेसो


क्रेतीनासनंतरचं पहिलं वर्ष
द्राक्षतोडणीचा महिना, दुसरा दिवस

फाइलोस,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलं नव्हतं. पण आता जे लिहायचं ते राग-लोभाचं नाही. गावाने तुझी हद्दपारी उठवली आहे. तू परत येऊ शकतोस. ते कसं झालं ते सांगते.

मागचं पत्र जहाजावर दिलं आणि तशीच मी फिलिन्नाकडे गेले. ती मागावर होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तिने हातातला धोटा थांबवला नाही. ओळ पूर्ण केली, मग म्हणाली, “म्हणजे म्हातारा निर्दोष होता. आणि मी त्याला झऱ्यावर चार बायकांत तसं बोलले.”

मी म्हटलं, “दोष माझा आहे.”

“आहेच. तू तुझ्या भावाला वाचवलंस. तुझ्या जागी मी असते तर दोर्किससाठी मीही तेच केलं असतं, तुझ्या भावाचा विचारसुद्धा केला नसता. हे मला पक्कं माहीत आहे.” तिने माझ्याकडे पाहिलं. “पण म्हणून मी तुला माफ करीन असं समजू नकोस. आता जा. मला हे लुगडं आज उतरवायचंय.”

त्यानंतर महिन्याभराने क्रेतीनासने मला बोलावलं. पलीकडच्या बेटावरचं बंदर त्याला घ्यायचं होतं. भाडोत्री भालेवाले होते, पण वल्ही मारायला गावातली माणसं हवी होती आणि माणसं तयार नव्हती. बाहेरून आणलेल्या शकुनवाल्याने तीनदा ‘उजवीकडून’ म्हणून सांगितलं. लोक त्याच्या तोंडावर जांभया देत होते. बाबा वेशीबाहेर मेल्यापासून गाव फक्त हाग्नोनच्या घरचं ऐकतं.

तो म्हणाला, “उद्या वेदीवर तू उभी राहा. तुला बोलायची सवय आहेच. त्या दिवशी तू काय केलंस ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही.”

मी म्हटलं, “मी सांगितलंय. फिलिन्नाला.”

तो म्हणाला, “आणि तिने तुझं काय केलं?”

“काही नाही.”

“मग उद्याही काही होणार नाही,” तो म्हणाला. मला वाटतं त्याला खरंच तसं वाटलं. किंवा तो इतका थकला होता की कुणीतरी हो म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

सकाळी मी एकटी उभी राहिले. दंडावर हात नव्हता. वारा खाऱ्या बाजूने होता. एक घार आली, डावीकडून. फार मोठी नव्हती, काही विशेष नव्हतं तिच्यात.

मी म्हटलं, “डावीकडून.” मग थांबता आलं नाही. “आणि सात वर्षांपूर्वीचा गरुडही डावीकडून आला होता. माझ्या बापाला उजवीकडून सांगणारी मी. तेव्हा तो खोटं बोलला नाही. सणाच्या दिवशी तो माझ्यासाठी खोटं बोलला.”

बाहेरचा शकुनवाला ओरडला, “वेडी आहे ही. घार उजवीकडून आली.”

तेव्हा फिलिन्ना म्हणाली, “डावीकडून. मी पाहिली.”

मग न्हावी म्हणाला, “मीपण.” कुंभार म्हणाला. तांबट म्हणाला, “माझी नजर अधू आहे, पण मलाही दिसली.” एकेक करून बोलत गेले. कुणी आरडाओरडा केला नाही. जणू बाजारात कुणी भाव विचारावा आणि त्याला सांगावा, तसे बोलले. वल्हेकरी धक्क्याकडे गेलेच नाहीत, सरळ आपापल्या घरी गेले.

क्रेतीनासने छत धरणाऱ्यांना बाजूला केलं आणि वर पाहिलं. तोपर्यंत घार गेली होती.

तरीही तो निघाला. भालेवाल्यांनाच वल्ही दिली. त्यांना धड वल्हवता येत नव्हतं. बेटाजवळच्या खडकांवर दोन गलबतं फुटली. तो बुडाला की बेटावरच्या लोकांनी मारला, यावर दोन मतं आहेत. लोक म्हणतात देवाने सूड घेतला. मला तसं काही वाटत नाही. माणसं नव्हती, एवढंच. देवाने तर सात वर्षांपूर्वीच सांगून टाकलं होतं.

भालेवाल्यांतले उरलेले आले तसे निघून गेले. पहिल्या सभेत तुम्हा चौघांचे निवाडे रद्द केले. चौघांतला एकच परत येण्याजोगा होता. बाबांचं नावही पुकारलं आणि ते निर्दोष असल्याचं म्हटलं. माझ्याबद्दल सभेने काही ठरवलं नाही. झऱ्यावर मी गेले की बायका बोलायच्या थांबतात, माझी घागर भरू देतात, आणि मी वळले की पुन्हा बोलायला लागतात. एखेमोसचा बाप समोरून आला की रस्ता बदलतो. फिलिन्ना बदलत नाही. मान हलवते आणि पुढे जाते.

बाबांचं थडगं नीट बांधायचं आहे. ते मुलाचं काम आहे, मी हात लावलेला नाही. नुसती माती आहे, आणि मी अधूनमधून तेल वाहते.

पुढच्या वसंतात पहिल्या जहाजाने ये. मुलीला आण. घर तुझं आहे, झाडून ठेवते. मी तिथे असावं की नसावं, ते तू ठरव. नको असेन तर पलीकडच्या खेड्यात आत्याचं घर रिकामं आहे, मी तिथे जाईन. खलाशाच्या तोंडी निरोप दिलास तरी पुरे.

आणि बंदरावर उतरलास की आधी वेशीबाहेर जा. चौथं थडगं.

निकेसो